जिभेच्या कडेवरचे पंधरा आठवडे

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या कागदपत्रांत पुन्हापुन्हा जो क्रम दिसतो, तो एका रुग्णाच्या अंगावर चढवून इथे मांडला आहे. म्हणून यात नाव नाही, गाव नाही. मोजमापं, तपासण्या आणि उपचार मात्र अशा अवस्थेत जसे असतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण स्त्री, वय ४९, हिशेबाची बैठी नोकरी. तंबाखू नाही, धूम्रपान नाही, दारू नाही, सुपारीसुद्धा नाही. मधुमेह नाही. घरात कुणाला कर्करोग झालेला नाही. धोक्याच्या कुठल्याच रकान्यात त्या बसत नाहीत, आणि त्यांना निवडण्याचं कारण तेच आहे. जगभरात २०२२ साली ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले, सुमारे १ लाख ८८ हजार मृत्यू झाले. यातल्या बहुतेकांच्या मागे तंबाखू, दारू किंवा सुपारी यांपैकी काहीतरी असतं. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं. असं व्यसन असलेला माणूस समोर बसला की डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते. या बाईंच्या बाबतीत ती कुणाच्याच मनात चुकचुकली नाही. त्यांची जखम चार जणांना कळली होती किंवा दिसली होती. लपलेलं काहीच नव्हतं.

दात, जेल, गोळ्या

सुरुवात दातापासून झाली. खालच्या उजव्या दुसऱ्या दाढेतलं जुनं सिमेंट एका बाजूने तुटलं आणि दाताची धार जिभेला लागू लागली. दोन-तीन दिवसांत जिभेच्या उजव्या कडेला, बऱ्याच मागे, चुरचुर सुरू झाली. "तोंड आलंय," असं त्या घरात म्हणाल्या. कुणीतरी उष्णतेचं निदान केलं. अकराव्या दिवशी बहिणीला दाखवायला म्हणून त्यांनी जीभ एका बाजूला ओढून मोबाइलवर फोटो काढला. फोटो अंधूक आहे, अर्ध्या भागात बोटच आलंय, पण पुढे या साऱ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी कागद तोच ठरला.

बाराव्या दिवशी औषधाच्या दुकानातून जेल आणली. लावली की भाग बधिर व्हायचा, बरं वाटायचं. अशा काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. ते वारंवार एकाच जागी लावलं तर वरची त्वचा भाजल्यासारखी पांढरी पडते. म्हणजे मूळ जखम कशी दिसत होती, हेच पुसलं जातं. बाईंनी ती दिवसातून पाच-सहा वेळा, जवळजवळ तीन आठवडे लावली.

एकतिसाव्या दिवशी फॅमिली डॉक्टर. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, जखम दिसली. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि गुळण्यांचं औषध दिलं, दहा दिवसांचं. बी-१२ किंवा लोहाच्या कमतरतेने तोंड येतं, यात चूक काही नाही. पण ती कमतरता तोंडभर बोलते. जीभ लाल, गुळगुळीत होते, फोड कधी ओठाच्या आत तर कधी गालाला येतात, जातात, जागा बदलतात. एकाच बाजूला, एकाच जागी, महिनाभर ठाण मांडून बसलेल्या एकाच जखमेचं उत्तर गोळीत शोधणं हे जरा सोयीचं झालं. कागदावर त्या दिवशी लिहिलं गेलं: "तोंडात व्रण." किती दिवसांचा, हे लिहिलं गेलं नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी दंतवैद्य. इथे प्रकरण योग्य माणसाच्या हातात आलं होतं, आणि त्याने केलेलं काम अर्ध्यापर्यंत अगदी बरोबर होतं. तुटलेली दाढ आणि तिच्या समोरची जखम, दोन्ही त्याला एका नजरेत जुळल्या. धार घासून गुळगुळीत केली, नवं सिमेंट भरलं. "आता लागणार नाही. बरं वाटेल. नाही वाटलं तर या."

"नाही वाटलं तर या" हे वाक्य मला फार खटकतं. बरं वाटण्या-न वाटण्याचा निवाडा यात रुग्णावर सोपवला जातो, आणि तोंडाच्या कर्करोगात सुरुवातीच्या काळात बरं न वाटण्यासारखं फारसं काही नसतंच. दाताने झालेली जखम दात गुळगुळीत केल्यावर साधारण दोन आठवड्यांत भरते. म्हणून सांगायला हवं होतं ते असं: "आजपासून चौदाव्या दिवशी या, दुखो न दुखो." बाईंना खरोखरच बरं वाटलं. दाताची धार लागेनाशी झाली, तेवढं दुखणं गेलं. राहिली ती जखम दुखतच नव्हती. मग कशाला जायचं परत?

या दंतवैद्याच्या जागी मी असतो तर त्या दिवशी वेगळा वागलो असतो, असं छातीठोकपणे सांगवत नाही. समोर कारण दिसतंय, कारण आणि जखम अगदी तोंडाला तोंड लावून आहेत, बाहेर चार जण खोळंबलेत. अशा वेळी मन हिशेब मिटवून टाकतं.

त्याच्या केस पेपरवर ३२ दातांसाठी ३२ चौकोन छापलेले होते. जिभेसाठी एकही नव्हता.

कान

ऐंशीव्या दिवसाच्या आसपास उजवा कान दुखू लागला. आधी रात्री, मग दिवसाही. बाई कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. कान स्वच्छ, पडदा ठीक, ऐकू नीट येतंय. घसाही पाहिला गेला: जिभेवर पट्टी दाबून, आ करायला लावून. यात एक गंमत आहे, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने गंमत नव्हे. ती पट्टी जीभ खाली दाबते आणि घसा मोकळा करते, पण जिभेच्या मागच्या कडा त्याच वेळी दाढांच्या आड खाली जातात. घसा पाहिल्याचं समाधान मिळतं, जिभेची कड मात्र कधी नव्हे इतकी झाकली जाते. वेदनाशामक गोळ्या घेऊन बाई घरी आल्या.

कान निरोगी आणि तरी दुखतो, याचा उलगडा नसांत आहे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची संवेदना जी नस नेते, ती चेहऱ्याच्या मोठ्या नसेच्या खालच्या फांदीतून निघते. कानाजवळच्या भागाला जाणारी एक नसही त्याच फांदीची. मेंदूला कधी कधी कुठल्या फाट्यावरून हाक आली ते कळत नाही. प्रौढ माणसाचा एकच कान दुखतोय, कानात दोष सापडत नाही, तर पुढची पायरी वेदनाशामक गोळी नव्हे. तोंड आणि घसा नीट, बोटाने चाचपून पाहणं ही पुढची पायरी. बाईंनी तिथे जिभेचा विषय काढला नाही. कानाच्या डॉक्टरला जिभेचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

गॉजचा तुकडा

एकशे पाचव्या दिवशी बाई दुसऱ्या एका दवाखान्यात दात साफ करून घ्यायला गेल्या. फक्त साफसफाई. खुर्चीत बसल्यावर तिथल्या दंतवैद्य बाईंनी यंत्राला हात लावण्याआधी बाकीचं तोंड पाहायला घेतलं. ही त्यांची रोजची सवय. ती इथे सविस्तर लिहितो, कारण अख्ख्या प्रकरणाचं वळण या तीन-चार मिनिटांत आहे.

आधी मान. मागे उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांनी जबड्याखाली, कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत, दोन्ही बाजू एकदम. मग ओठ आतून उलटून. गाल बाजूला ओढून, हिरड्यांपासून शेवटच्या दाढेमागच्या कोपऱ्यापर्यंत. टाळू. मग, "जीभ वर, टाळूला लावा," म्हणून जिभेखालची जागा. शेवटी गॉजचा चौकोनी तुकडा जिभेच्या टोकाभोवती गुंडाळून जीभ पुढे आणि डावीकडे ओढली, तोंडातला आरसा उजव्या गालाशी धरला.

"ताई, हे कधीपासून आहे?"

"असेल तीन-चार आठवडे. दात लागायचा तिथे. आता नाही दुखत."

जखम लांबट होती, १८ मिलिमीटर लांब, ११ रुंद. कडा सपाट नव्हत्या, वर उचलल्यासारख्या आणि बाहेरच्या बाजूला किंचित वळलेल्या. तळ खरबरीत, बारीक दाणे असल्यासारखा, गॉज लागताच रक्ताचा एक ठिपका आला. तिच्या मागे, जवळजवळ ८ मिलिमीटरचा लालभडक, मखमलीसारखा भाग होता. तो जखम नव्हता. तिथे त्वचा शाबूत होती आणि दुखतही नव्हती. सर्वसामान्य माणूस पांढऱ्या चट्ट्याला घाबरतो, लालकडे दुर्लक्ष करतो. खरं तर कारण न सापडणारा, हटता न हटणारा मखमली लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त घातक. छोटा तुकडा काढून तपासला (बायोप्सी) की अशा चट्ट्यांत बहुतेक वेळा कर्करोग किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे बदल सापडतात.

मग त्यांनी बोट लावलं. अंगठा जिभेखाली, तर्जनी जखमेवर, आणि दोहोंच्या मध्ये जिभेची कड. डोळ्यांना १८ मिलिमीटर दिसत होतं, बोटांना त्याहून मोठं काहीतरी लागत होतं. जिभेचा निरोगी भाग कानाच्या पाळीसारखा लागतो. हा नाकाच्या शेंड्यासारखा लागत होता, आणि ते घट्टपण जखमेच्या कडेपाशी थांबत नव्हतं, खाली उतरत होतं. नेहमीच्या तोंड येण्यातला फोड कितीही ठणकला तरी बोटाखाली मऊच असतो. तो गोल किंवा लंबगोल, पिवळट पांढऱ्या तळाचा, भोवती लाल रिंगण असलेला, बहुधा सेंटिमीटरच्या आतला असतो आणि एक-दोन आठवड्यांत आपल्या वाटेने जातो. दुखणाऱ्या फोडाबद्दल लोक धावतपळत येतात. न दुखणारी, घट्ट जखम घेऊन कुणी येत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

"तीन-चार आठवडे नक्की?"

बाईंना फोटो आठवला. मोबाइल उघडून मागे मागे गेल्या. फोटोखालची तारीख ९४ दिवसांपूर्वीची निघाली. दोघीही थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येक नव्या औषधाबरोबर बाईंच्या मनात जखमेचा जन्म पुन्हा झाला होता. जेल आणली तेव्हा एकदा, गोळ्या सुरू झाल्या तेव्हा एकदा, दाताची धार घासली तेव्हा पुन्हा. ज्यांनी तपासलं, त्यांनी तपासल्या दिवसापासून मोजलं. पहिल्या दिवसापासून कुणीच मोजलं नाही. ब्रिटनच्या निदान-मार्गदर्शक सूचनांत २०१५ पासून साधा नियम आहे: तोंडातला, कारण न सापडलेला व्रण तीन आठवड्यांहून जास्त टिकला की संशयित कर्करोग म्हणून तज्ज्ञाकडे पाठवायचं. बरेच दंतवैद्य त्याहून कडक, दोनच आठवड्यांचा हिशेब ठेवतात. दोन म्हणा की तीन म्हणा, मोजणी एकदाच सुरू व्हायला हवी.

दंतवैद्य बाईंनी आणखी दोन आठवडे थांबून बघूया म्हटलं नाही, आणि हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वात चांगला वाटतो. कारण दूर करून दोन आठवडे वाट पाहायची असते, ती वाट आठ आठवड्यांपूर्वीच दाताची धार घासली गेली तेव्हा पाहून झाली होती. फक्त निकाल वाचायला कुणी नव्हतं. त्यांनी साफसफाई रद्द केली, त्याच दिवशी मुखशल्यविशारदांना फोन लावला आणि चिठ्ठीत चार गोष्टी लिहिल्या: जागा, माप, घट्टपणा, पहिल्या फोटोची तारीख.

तुकडा

तिसऱ्या दिवशी तुकडा काढला गेला. आदल्या रात्री बाईंना नात्यातल्या कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, "हात लावू देऊ नकोस, ब्लेड लागलं की पसरतो." ही समजूत इतकी खोलवर रुजलेली आहे की तिच्यापायी महिने जातात. तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग भडकत नाही. तो न काढता वाट बघितली तर तो आपल्या गतीने वाढत राहतो, आणि दोष मात्र नंतर ब्लेडच्या माथी जातो.

काम दहा-पंधरा मिनिटांचं. जखमेपासून थोडं दूर भूल, मग कडेवरून एक पाचर. मधला भाग मुद्दाम टाळला, कारण तिथे मेलेल्या पेशी असतात आणि अहवाल गोलमोल येतो. रोगट कड आणि तिला लागून असलेला निरोगी भाग दोन्ही एकाच तुकड्यात आले तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सीमा ओलांडून खाली शिरल्यात का ते कळतं. लाल भागातूनही दुसरा छोटा तुकडा घेतला. दोन टाके, फॉर्मालिनची बाटली, लेबल. काही ठिकाणी आधी निळा रंग लावून बघतात किंवा ब्रशने पेशी खरवडतात. तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवायला ते कामाला येतं. इतक्या उघड जखमेत निदानासाठी त्यावर विसंबणं म्हणजे आणखी एक जेल.

पाचव्या दिवशी अहवाल आला: स्क्वेमस पेशींचा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग, मध्यम प्रतीचा. तोंडातल्या दहातल्या नऊहून जास्त कर्करोग याच जातीचे असतात. लाल भागातल्या तुकड्यात पेशी बिघडलेल्या होत्या, पण अजून वरच्या थरातच होत्या.

वर अठरा, खाली सात

एमआरआयमध्ये मानेत ठळक गाठ दिसली नाही. बोटांनाही लागली नव्हती. पण जखम जिभेत ७ मिलिमीटर खोल गेलेली होती. आकाराने दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे कर्करोग किती वाढलाय हे ठरवण्याच्या जुन्या हिशेबाने पहिली पायरी. २०१८ पासून वापरात आलेल्या वर्गीकरणात मात्र खोलीही मोजतात. ५ मिलिमीटरच्या पलीकडे गेलेली जखम आकाराने लहान असली तरी दुसऱ्या पायरीवर चढते. आरशात दिसतो तो आजाराचा माथा असतो. त्याची मुळं किती खोल गेली, ते आरसा सांगत नाही.

शस्त्रक्रियेत जिभेचा उजवा भाग, भोवतालच्या सेंटिमीटरभर निरोगी पट्ट्यासह काढला आणि त्याच भुलीत उजव्या मानेतल्या वरच्या तीन पातळ्यांच्या लसिका गाठीही (लिम्फ नोड; या सगळ्यांच्याच मानेत असतात, एरवी हाताला लागत नाहीत). गाठ लागत नसताना मान का उघडायची, हा प्रश्न बाईंच्या नवऱ्याने विचारला, आणि रास्तच होता. याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीने दिलं, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या अवस्थेतल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांत मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ आल्यावर साफ करू म्हणून थांबलेल्यांत हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं.

या प्रकरणात काढलेल्या २४ गाठींपैकी एकीत ४ मिलिमीटरचा रोग सापडला. बोटांना न लागलेला, एमआरआयला न दिसलेला. कडा स्वच्छ होत्या, गाठीचं कवच फुटलेलं नव्हतं. तरी एक गाठ बाधित म्हणजे तिसरी अवस्था. जखम भरल्यावर किरणोपचार: ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), ३० भागांत, सहा आठवडे. त्याआधी तोंडातले वाईट दात काढून टाकावे लागतात, कारण किरण बसलेल्या जबड्यात पुढे दात काढला तर हाड भरून येत नाही, अशी भीती असते. काढलेल्या दातांत ती खालची उजवी दाढही होती. नवं सिमेंट अजून छान बसलेलं होतं.

आधी कळलं असतं तर

हा प्रश्न बाईंनी एकदाच विचारला. खरं उत्तर असं, की दाताची धार घासल्यानंतर चौदाव्या दिवशी त्यांना पुन्हा पाहिलं असतं, तर जखम ४४ दिवस आधी सापडली असती. तेव्हा ती किती खोल असती, त्या एका गाठीत पेशी पोचल्या असत्या की नसत्या, हे कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तोंडाचा कर्करोग पहिल्या अवस्थेत सापडला की बरेचदा नुसत्या शस्त्रक्रियेवर भागतं, एवढं नक्की. किरणोपचार, त्यानंतरची कोरड, चव जाणं, दात जपत राहणं हे सगळं बहुधा टळतं.

दाढेने कर्करोग केला का? मला तसं म्हणवत नाही. सततच्या घर्षणाचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण तंबाखूइतकं पक्कं असं ते कारण नाही. उलटही घडलं असू शकतं: कड आधी सुजली, म्हणून दाताला लागू लागली. एचपीव्हीचाही प्रश्न आला होता. तो विषाणू मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात सापडतो, जिभेच्या या भागात क्वचितच. कारण सापडलं नाही, आणि सुमारे पन्नाशीच्या, कुठलंही व्यसन नसलेल्या स्त्रीच्या जिभेच्या कडेवर हे घडतं, एवढं लक्षात ठेवणं पुरे.

या प्रकरणात न दिसलेली, पण याच घराण्यातली चिन्हंही सांगायला हवीत, नाहीतर वाचणारा फक्त जिभेवरची जखम शोधत बसेल. दात काढला आणि खड्डा भरतच नाही. हिरड्यांचा आजार नसताना एकच दात हलू लागतो. वर्षानुवर्षं बसणारी कवळी अचानक टोचू लागते. खालच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा येतो. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तीन बोटं उभी जात होती तिथे दोनच जातात. तिखट काही लागलं की आग होते आणि गाल आतून पांढुरका, ताठर लागतो. हे शेवटचं सुपारी खाणाऱ्यांत दिसतं, तो कर्करोग नव्हे पण त्याकडे जाणारी वाट असू शकते. पांढरा चट्टा गॉजने पुसून निघत नसेल, विशेषतः जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली, तर तोही दाखवायचा. मानेत एकच, न दुखणारी, घट्ट गाठ, हेही कधी कधी पहिलं चिन्ह असतं.

आणि उलट बाजू. हे वाचून कुणी आज रात्री आरशासमोर जीभ ओढून धरेल, तर अगदी मागे कडेला उभ्या सुरकुत्यांसारखे लालसर उंचवटे दिसतील. ते प्रत्येकाला असतात. जिभेच्या मुळाशी मोठ्या गोल दाण्यांची रांग असते, तीही जन्मजात. गालाच्या आत पिवळसर बारीक ठिपके, दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, टाळूच्या मध्यावर हाडाचा उंचवटा, हे सगळं निरुपद्रवी. ओळखायची युक्ती सोपी आहे: दुसरी बाजू बघा. निसर्गाने दिलेलं बहुधा दोन्हीकडे सारखं असतं. एकाच बाजूला असलेलं, आणि मागच्या महिन्यात नसलेलं, ते दाखवायचं.

नुसत्या नजरेने पाहून किती साधतं? केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. साधनं काय, तर उजेड आणि नजर.

नंतर

पहिल्या वर्षी दर महिना-दोन महिन्यांनी तपासणी ठरली. जीभ तिसऱ्या महिन्यापर्यंत बरीच सरावली. ट आणि ळ अजून थोडे घरंगळतात. फोनवर हिशेबाचे आकडे सांगताना त्या एकेक आकडा दोनदा म्हणतात. पाण्याची बाटली सतत जवळ.

पहिल्या दंतवैद्याला चिठ्ठी गेली, तक्रारीची नव्हे, अहवालाच्या प्रतीची. त्याने केस पेपर नव्याने छापून घेतला. ३२ चौकोनांच्या खाली आता दोन ओळी आहेत: जीभ उजवी, जीभ डावी. पुढे एक रकाना, "पहिल्यांदा कधी दिसलं," आणि एक, "परत कधी."

सातव्या महिन्यात बाईंच्या डाव्या गालाच्या आत फोड आला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने ठिपका दिला, खाली चौदा घरं मोजून दुसरा. नवव्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन केला.

"डॉक्टर, गेला तो. तरी येऊ का?"

"दुसऱ्या ठिपक्याच्या दिवशी या, ताई. तो भाग मला बघायचाय."